येशूला रोजच्या जगण्याचे केंद्र करताना: कुठून सुरुवात करावी आणि गाडी कुठे अडते

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू ज्यांच्याशी बोलतो, ते शास्त्राचे जाणकार आहेत. शास्त्राचा ते कसून शोध घेतात, त्यातच सार्वकालिक जीवन आहे असे मानतात. पण ते शास्त्र ज्याच्याविषयी साक्ष देते त्याच्याकडे यायला मात्र ते तयार नाहीत (५:३९-४०). विश्वासात मुरलेल्या माणसालाही हाच धोका सगळ्यात जास्त असतो. वाचन चालू, प्रार्थना चालू, रविवारची उपासना चुकत नाही, सेवेत नाव आहे, आणि या सगळ्यात येशूशी बोलणे कधी थांबले ते लक्षातच येत नाही.

म्हणून या लेखात धार्मिक कामांची यादी वाढवलेली नाही. येशू केंद्रस्थानी आहे का, हे तीन ठिकाणी ओळखू येते: निर्णय घेताना आपण कोणाला विचारतो, चुकल्यावर कोणाकडे परत जातो, आणि हाताला काम नसताना मन कुठे जाऊन बसते. खालची प्रत्येक पायरी या तीनपैकी कशाला तरी हात घालते. ज्या पायरीने असे काही होत नसेल ती खुशाल सोडून द्या.

आधी आठवडाभर नुसते पाहा

पहिले सात दिवस काहीही बदलू नका. एक वही घ्या आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहा. आज सगळ्यात जास्त विचार कशाचा केला? आज कशाने सगळ्यात जास्त भीती वाटली किंवा राग आला? आज कोणी आठवण न करून देता येशू कधी आठवला? पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावू नका आणि वाक्ये सजवू नका.

आठव्या दिवशी सगळी पाने एकदम वाचा आणि पुन्हापुन्हा आलेले शब्द अधोरेखित करा. बहुतेकांच्या वहीत मुलांचे भवितव्य, पैसा, एखाद्या माणसाचे आपल्याविषयीचे मत, जुना सल, किंवा चक्क मंडळीतले आपले काम सापडते. यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात चांगल्या असतात. त्यामुळेच त्या केंद्रस्थानी येऊन बसल्या तरी खटकत नाहीत.

इथे दोन चुका हमखास होतात. काहीजण दुसऱ्याच दिवशी सुधारायला लागतात, मग पुढच्या नोंदी खऱ्या राहत नाहीत. काहीजण वहीला आरोपपत्र करून टाकतात. त्याऐवजी ते पान उघडून येशूसमोर ठेवा आणि जे आहे ते त्याला नावानिशी सांगा: ‘प्रभू, या आठवड्यात मी तुझ्यापेक्षा त्या बढतीचा विचार जास्त केला.’ एवढी प्रामाणिक प्रार्थना सुरुवातीला पुरते.

शुभवर्तमानाचे वाचन

ज्याचे बोलणे-चालणे ठाऊक नाही त्याचे अनुकरण कसे करणार? म्हणून रोजच्या वाचनाचा कणा चार शुभवर्तमाने असावीत. मत्तयाचे २८, मार्काचे १६, लूकाचे २४ आणि योहानाचे २१ असे मिळून ८९ अध्याय होतात. रोज एक अध्याय वाचला तर तीन महिन्यांत चारही संपतात. पण सुरुवातीला तो वेग नको. मार्कापासून सुरू करा. ते सगळ्यात छोटे आहे, त्यात येशू सतत चालताना, थांबताना, हात लावताना दिसतो. आधी एकदा ते एका बैठकीत सलग वाचा, साधारण दीड तास लागतो. मग पुन्हा पहिल्या अध्यायापासून रोज एकच प्रसंग घ्या, आठ ते पंधरा वचनांचा. संपूर्ण पवित्र शास्त्र वर्षभरात वाचण्याचे वेळापत्रक चालू असेल तर ते वेगळ्या वेळी ठेवा. त्यात मुक्काम गाठायची घाई असते आणि इथे घाई चालत नाही.

वीस मिनिटे पुरतात. त्यांची विभागणी अशी करा.

१. उतारा दोनदा वाचा, एकदा मनात आणि एकदा ओठ हलवून. (५ मिनिटे)
२. फक्त येशूकडे पाहा. तो कुठे जातो आहे, कोणाकडे वळतो, काय विचारतो, काय करायचे नाकारतो? एक गोष्ट लिहा. (५ मिनिटे)
३. या प्रसंगात मी कोणासारखा आहे? ‘कोणासारखे असायला हवे’ हा प्रश्न आज बाजूला ठेवा. (३ मिनिटे)
४. जे दिसले त्याविषयी येशूशीच बोला. कौतुक, प्रश्न, तक्रार, कबुली, काहीही चालेल. (५ मिनिटे)
५. आजच्या दिवसात नेण्यासाठी त्या उताऱ्यातला एक शब्दसमूह निवडा. (२ मिनिटे)

मार्क १०:४६-५२ घेऊन हे करून पाहू. येशू यरीहोहून निघाला आहे आणि यरुशलेमेकडे चालला आहे. तिथे आपल्याला धरून देतील आणि जिवे मारतील, हे त्याने थोड्याच वेळापूर्वी शिष्यांना सांगितले आहे (१०:३२-३४). रस्त्याच्या कडेला आंधळा बार्तीमय ओरडतो, लोक त्याला दटावतात. आणि येशू थांबतो. मरणाकडे निघालेला माणूस एका भिकाऱ्यासाठी थांबतो, ही आजची नोंद. त्याला जवळ बोलावून येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? आता थोडे वर पाहा. याच अध्यायात १०:३६ मध्ये त्याने याकोब आणि योहान यांनाही हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी वैभवातल्या जागा मागितल्या, बार्तीमयाने दृष्टी मागितली. दृष्टी मिळाल्यावर तो त्याच वाटेने येशूच्या मागे चालू लागला, म्हणजे यरुशलेमेच्या, वधस्तंभाच्या वाटेने. आज हा प्रश्न मला विचारला तर मी काय मागेन, जागा की दृष्टी? चौथ्या टप्प्यातली प्रार्थना इथे आपोआप तयार होते.

अडचण येते ती बहुधा दुसऱ्या टप्प्यावर. सवयीने आपण लगेच ‘यातून मला काय शिकायचे’ इकडे उडी मारतो आणि येशू मागे राहतो. तात्पर्य निघाले नाही तरी चालेल. त्याला नीट पाहिले एवढ्यानेही त्या दिवसाचे वाचन पूर्ण झाले.

जुना करार आणि पत्रे वाचतानाही दृष्टी हीच ठेवावी. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूने दोन शिष्यांना मोशे आणि संदेष्टे यांच्यापासून सुरुवात करून आपल्याविषयीच्या गोष्टी उलगडून दाखवल्या (लूक २४:२७). मात्र प्रत्येक वचनात, प्रत्येक लाकडात नि धाग्यात ओढूनताणून येशू शोधू नका. आधी तो उतारा त्याच्या काळात काय म्हणतो ते समजून घ्या. मग विचारा: यातली कोणती गरज, कोणते वचन, कोणता प्रश्न येशूपाशी येऊन पूर्ण होतो?

प्रार्थना: सकाळ, दिवस, रात्र

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना हाच आराखडा धरा (मत्तय ६:९-१३). ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगितले आहे. ती नुसती म्हणून टाकण्यापेक्षा प्रत्येक मागणीवर मिनिट-दोन मिनिटे थांबा आणि तिला आजच्या दिवसातली एक ठोस गोष्ट जोडा. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हणताना, आज मी जिथे बोलणार आहे तिथे माझ्या वागण्याने त्याच्या नावाला बट्टा लागू नये. ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना, माझ्या परिचयातला कोणता अन्याय, कोणते आजारपण, कोणते घर? ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना, आज मला कुठे माझेच खरे करायचे आहे? त्यानंतर रोजची भाकर, क्षमा आणि परीक्षा. क्रम लक्षात घ्या: पहिल्या तीनही मागण्या पित्याविषयीच्या आहेत. आपली प्रार्थना बहुतेक वेळा थेट भाकरीपासून सुरू होते. भाकर मागण्यात काही गैर नाही, येशूनेच ती मागायला शिकवली. फक्त ती चौथी आहे.

दिवसभर आठवण राहावी म्हणून चार जागा ठरवून ठेवा: सकाळी फोन उघडण्याआधी, काम सुरू करताना, घरात पाऊल टाकण्यापूर्वी, दिवा मालवताना. प्रत्येक ठिकाणी एक श्वास आणि एक वाक्य. पूर्वेकडील मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेली एक छोटी प्रार्थना यासाठी फार उपयोगी आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ लूकाच्या १८व्या अध्यायातल्या जकातदाराची आणि आंधळ्याची हाक तिच्यात एकत्र ऐकू येते. ती मोजून शंभर वेळा म्हणण्याचा नेम करू नका. निरर्थक बडबडीविषयी येशूने स्वतः सावध केले आहे (मत्तय ६:७). शब्द यांत्रिक व्हायला लागले की संख्या कमी करा, वेग कमी करा.

रात्रीची सात मिनिटे आम्हाला सकाळच्या वाचनाइतकीच महत्त्वाची वाटतात. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नाती यांनी १६व्या शतकात अशा दैनंदिन आत्मपरीक्षणाला नीट शिस्त लावून दिली. त्याचे सोपे रूप असे: आधी आजच्या दोन गोष्टींसाठी नावे घेऊन आभार माना. मग सकाळपासून दिवस डोळ्यांसमोरून सरकू द्या आणि मी येशूजवळ कुठे होतो, कुठे लांब गेलो ते पाहा. लांब गेलेली जागा नेमक्या शब्दांत कबूल करा. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ म्हणणे सोपे असते, ‘जेवताना मी तिचा सगळ्यांसमोर अपमान केला’ म्हणणे जड जाते. शेवटी, उद्या काय दुरुस्त करायचे ते एका ओळीत लिहा: कोणाची माफी मागायची, कोणते खोटे मागे घ्यायचे. ही ओळ राहिली तर पापकबुली नुसती हळहळ होते. आणि कबूल करून झाल्यावर क्षमा मिळाली असे माना (१ योहान १:९). तेच पाप रोज नव्याने उकरून काढू नका.

निर्णय घेताना

नोकरी, लग्न, घर, मुलांचे शिक्षण, भांडणात कोणती बाजू घ्यायची, अशा वेळी केंद्र कोण ते उघड होते. मोठ्या निर्णयासाठी किमान एक आठवडा द्या.

निर्णय एका वाक्यात लिहा. खाली दोन रकाने करा: ठाऊक असलेली माहिती आणि नुसता अंदाज. मग तीन प्रश्न घेऊन येशूपुढे बसा. याविषयी त्याने स्पष्ट सांगितलेले काही आहे का? असेल तर निर्णय तिथेच झाला. खोट्या हिशेबावर सही करावी की नाही यासाठी प्रार्थनेचा आठवडा लागत नाही. दुसरा प्रश्न: काय गमावण्याची मला भीती वाटते? खरे कारण बऱ्याचदा या उत्तरात दडलेले असते. तिसरा: या निर्णयाची किंमत कोण मोजणार, आणि त्यात सगळ्यात दुबळे कोण? मत्तय २५:३१-४६ मध्ये येशू म्हणतो की अगदी लहानातल्या एकासाठी केले ते माझ्यासाठी केले; ते वाचल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही.

त्यानंतर दोन परिपक्व विश्वासणाऱ्यांना विचारा. त्यातला एक तरी असा असावा की जो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकेल. मग एक रात्र जाऊ द्या आणि ठरवा.

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचे, ही पद्धत सोडा. तसेच ‘मनाला शांती वाटली’ एवढ्यावर विसंबू नका. नको असलेले काम टळले की सुटकेची शांती कोणालाही वाटते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूचे मन अत्यंत व्याकूळ होते आणि तरीही तो पित्याच्या इच्छेतच होता.

काम आणि फोन

कलस्सैकरांस पत्र ३:२३ मध्ये, जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे सांगितले आहे. ते मुळात दासांना उद्देशून आहे, म्हणजे ज्यांच्या कामाला ना मान होता ना मोबदला, त्यांना. म्हणून ‘माझे काम फारसे आध्यात्मिक नाही’ ही सबब चालत नाही. रोज एकच काम निवडा, शक्यतो जे कोणी तपासणार नाही असे, आणि ते येशूच्या हाती द्यायचे आहे असे समजून पूर्ण करा. वेळेवर येणे, दिलेला शब्द पाळणे, हाताखालच्या माणसाशी नीट बोलणे हेही त्यातच येते. कामाच्या जागी वचने ऐकवण्याआधी हे दिसू द्या.

फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर ठेवा आणि सकाळचे वाचन छापील प्रतीतून करा. पडद्यावर वाचताना एक सूचना आली की लक्ष तुटते. ख्रिस्ती प्रवचने आणि गीते ऐकण्यातही एक मेख आहे: दिवसभर कोणीतरी येशूविषयी बोलत राहते आणि आपण त्याच्याशी बोलायचे राहून जाते.

पैसा

आपला धनसंचय असतो तिथे आपले मनही असते, असे येशू म्हणाला (मत्तय ६:२१). म्हणून गेल्या तीन महिन्यांचा बँकेचा हिशेब समोर घ्या आणि प्रत्येक खर्चापुढे खूण करा: गरज, इतरांसाठी, सुख, दिखावा, भीतीपोटी साठवलेले. शेवटचे दोन प्रकार अवघड असतात, तिथे रेंगाळा. विवेकाने केलेली बचत आणि भीतीने केलेला साठा यांची रक्कम सारखीच असू शकते. फरक कळतो तो कोणी मदत मागितल्यावर.

देण्याचे प्रमाण आधी ठरवा आणि उत्पन्न हाती येताच ते बाजूला काढा. पौलानेही आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या प्राप्तीच्या मानाने बाजूला काढून ठेवायला सांगितले (१ करिंथ १६:२). एक दशांशाने सुरुवात करता येत असेल तर उत्तम. कर्ज असेल तर कमीने करा, पण नियमित करा. त्यातला थोडा भाग असा द्या की तो कोणी दिला हे कोणालाच कळणार नाही. दिल्यावर आशीर्वाद दुप्पट परत येईल असा हिशेब मनात सुरू झाला तर २ करिंथ ८:९ उघडा: तो धनवान असून तुमच्याकरता दरिद्री झाला.

बिघडलेली नाती

वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करा, अशी येशूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). म्हणजे अबोला असताना केलेली उपासना पूर्ण होत नाही. पण प्रत्यक्षात आपण जास्त वेळ प्रार्थना करतो आणि फोन मात्र लावत नाही.

माफी मागताना तीन गोष्टी बोला: मी काय केले, त्याने तुम्हाला काय सोसावे लागले, मी ते कसे भरून काढीन. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ हे शब्द काढून टाका, ‘पण’ वापरू नका. आणि लगेच माफ करा असा आग्रह धरू नका.

अपराध समोरच्याचा असेल तर आधी एकट्याने, एकांतात बोला (मत्तय १८:१५). प्रार्थनेसाठी म्हणून ती गोष्ट चौघांना सांगणे ही चहाडीच. क्षमा करणे म्हणजे झालेले झाकणे नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. घरात मारहाण किंवा लैंगिक छळ होत असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जा, कायद्याची मदत घ्या. क्षमेच्या नावाखाली कोणाला तिथेच राहायला सांगणारा सल्ला येशूचा नाही.

घरातल्या उपासनेला दहा मिनिटे पुरतात: एक छोटा प्रसंग, ‘इथे येशूने काय केले?’ हा एकच प्रश्न, आणि प्रत्येकाची एक वाक्याची प्रार्थना. मुलांना बोलू द्या, त्यांचे उत्तर दुरुस्त करायची घाई नको. आईवडिलांनी चुकल्यावर मुलांची माफी मागितली, तर पश्चात्ताप म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

मंडळी, प्रभुभोजन आणि सेवा

एकट्याने हे फार दिवस टिकत नाही. रविवारी जाण्याआधी, आदल्या रात्री, पाच मिनिटे काढून उपदेशाचा उतारा ठाऊक असल्यास वाचून ठेवा. प्रभुभोजनाच्या आधी स्वतःची परीक्षा करावी असे पौल सांगतो (१ करिंथ ११:२८). ती परीक्षा ‘मी पात्र आहे का’ अशी केली तर कोणीच त्या मेजाजवळ येणार नाही. ‘मी कोणाशी कसा वागतो आहे’ असे विचारा, कारण त्या अध्यायात पौलाची तक्रार हीच आहे की काही जण भुकेले राहतात आणि काही जण चैन करतात.

सगळ्यात जास्त काळजी सेवा करणाऱ्यांची वाटते. पाळक, शब्बाथशाळेचे शिक्षक, गायनमंडळातले लोक शास्त्र उघडतात ते दुसऱ्याला द्यायला. इफिस येथील मंडळीने श्रम केले होते, धीर धरला होता, खोटे प्रेषित ओळखले होते, आणि तरी तिने पहिली प्रीती सोडली होती (प्रकटीकरण २:२-४). उपायही तिथेच आहे: कोठून पतन झाले ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. सेवकाने रोजच्या वाचनासाठी असा उतारा घ्यावा ज्यावर त्याला येत्या महिन्यात बोलायचे नाही. तेवढाही वेळ उरत नसेल तर एक जबाबदारी सोडावी. ती कोणीतरी घेईल. आणि कोणी नाही घेतली, तरी कामाच्या धांदलीत असलेल्या मार्थेला येशूने जे सांगितले, की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस पण गरज एकाचीच आहे, ते खरेच आहे (लूक १०:४१-४२).

कोरडे दिवस

काही आठवडे असे येतात की काहीच जाणवत नाही. स्तोत्र ८८ पूर्ण काळोखात संपते आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. वधस्तंभावर येशूने स्तोत्र २२ च्या पहिल्या ओळीने आरोळी मारली. अशा काळात नेम मोडू नका, लहान करा: वीस मिनिटांऐवजी पाच, स्वतःच्या शब्दांऐवजी एक स्तोत्र. आधी साधी कारणेही तपासा: झोप, आजार, कबूल न केलेले पाप, न केलेला शोक. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नको वाटू लागले तर डॉक्टरांकडे जा, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी जा. त्याला विश्वास कमी असल्याची खूण समजू नका.

उलट टोकाची माणसेही असतात. एक दिवस वाचन चुकले की देव रागावला असे त्यांना वाटते. त्यांनी आठवड्यातून एक दिवस वही मुद्दाम मिटून ठेवावी आणि रोम ८:१ पाठ करावे: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही.

कधी काय जोडायचे

सगळे एकदम सुरू केले तर दहा-बारा दिवसांत कोलमडते. पहिला आठवडा नोंदीचा. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात फक्त सकाळचे वाचन. सहाव्यापासून रात्रीची सात मिनिटे. आठव्यापासून दिवसातल्या चार जागा. दहाव्यात पैशांचा हिशेब, आणि एका बिघडलेल्या नात्याकडे पहिले पाऊल, तेवढा वेळ थांबण्यासारखे असेल तरच. खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करू नका, जिथे सुटले तिथून पुढे चला.

तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्याची पाने काढा आणि त्याच तीन ओळी पुन्हा सात दिवस लिहा. मग रोज तुमच्यासोबत राहणाऱ्या एका माणसाला विचारा: माझ्याबरोबर राहणे आधीपेक्षा सोपे झाले का? मी कशावर अजून तसाच चिडतो? माझ्याशी कोणत्या विषयावर बोलायला तुला अजून भीती वाटते? उत्तर ऐकताना मध्ये खुलासा देऊ नका. ते लिहून घ्या आणि त्या रात्री जसेच्या तसे येशूला वाचून दाखवा.